पेशंट विहीर, रिपोर्ट गावाचा

मे महिन्यात भर दुपारी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या बसस्टँडवर उभं राहायची वेळ आली, तर एवढं ध्यानात असू द्या : पिण्याच्या पाण्यात शौचाची घाण मिसळली आहे का, याची खातरजमा प्रयोगशाळेत ज्या तापमानाला करतात, नेमक्या त्याच तापमानात तुम्ही उभे आहात. ४४ अंश सेल्सिअस. माणसाच्या नि गुराढोरांच्या आतड्यातून आलेला ई-कोलाय हा जंतू एवढ्या उष्म्यातही आरामात वाढतो. त्याच्या भावकीतले, माती नि पालापाचोळ्यातून आलेले बरेचसे जंतू मात्र मान टाकतात. म्हणून नळ्या ४४ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या आणि टिकतो कोण ते बघायचं. सावदा, रावेर, भुसावळची माणसं ही परीक्षा दरवर्षी पास होतात, तेही विनाअनुदानित.

ही युक्ती क्रिस्टियान आइकमन या डच डॉक्टरांची, १९०४ सालची. त्यांनी तेव्हा ४६ अंश धरले होते, पुढे ते ४४ वर आले. आइकमनना १९२९ मध्ये नोबेल मिळालं, पण ते या कामाबद्दल नाही. ते मिळालं पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरी यांचं नातं शोधल्याबद्दल. सांडपाण्याला नोबेल कोण देतो?

सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतल्या मायक्रोबायोलॉजिस्टकडे पेशंट म्हणून विहिरी येतात, नळ येतात, टँकर येतात. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची पुडी येते, किराणा दुकानातल्या मिठाचीही येते. माणूस सहसा शेवटी येतो, तोही डबीतून. अशी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, राज्याची मुख्य प्रयोगशाळा पुण्यात. सावद्याकडच्या पाण्याची बाटली म्हणजे जळगावच्या वाटेची प्रवासी.

बाटलीतली पांढरी चिमूट

पाण्याचा नमुना घ्यायचा म्हणजे कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळून नळाखाली धरायची, असा पुष्कळांचा समज असतो. तसं आणलेलं पाणी तपासलं तर बाटलीचा रिपोर्ट मिळेल, पाण्याचा नाही.

खरी पद्धत अशी. तोटी पुसायची. धातूची असेल तर स्पिरिटचा पेटता बोळा धरून ती चांगली शेकायची. मग दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. हे वाहतं पाणी बघून शेजारच्या काकू हमखास ओरडतात, त्यांना समजावण्याचं प्रशिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. त्यानंतर निर्जंतुक बाटलीचं बूच काढायचं, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, आणि बाटली काठोकाठ भरायची नाही. वर थोडी हवा ठेवायची, कारण प्रयोगशाळेत गेल्यावर ती गदागदा हलवून पाणी एकजीव करायचं असतं. मग बर्फाचा डबा आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळा. २४ तासांच्या पुढे गेलेल्या नमुन्याला कोणी विचारत नाही.

गंमत बाटलीच्या तळाशी आहे. तिथे सोडियम थायोसल्फेट असतं. पाण्यात क्लोरिन शिल्लक असला तर तो प्रवासभर जंतू मारत राहील आणि जळगावला पोचेपर्यंत पाणी गंगेसारखं पवित्र होईल. थायोसल्फेट त्या क्लोरिनला जागच्या जागी थोपवतं. म्हणजे नळातून निघताना पाणी जसं होतं, तसंच ते टेबलावर येतं.

पण मेलेल्यांना उठवणं थायोसल्फेटला जमत नाही. त्यामुळे ‘उद्या नमुना घ्यायला येणार आहेत’ ही बातमी आदल्या दिवशी फुटली आणि टाकीत टीसीएलचा दुप्पट डोस पडला, तर रिपोर्ट झकास येतो. म्हणूनच न कळवता घेतलेला नमुना हाच काय तो खरा नमुना, असं माझं मत. ते सगळ्यांना आवडेल असं नाही.

न मोजता मोजणं

आता टेबलावर. पाणी तपासणीच्या जुन्या, भरवशाच्या पद्धतीला एमपीएन म्हणतात. काचेच्या नळ्यांमध्ये जांभळट रंगाचं खाद्य भरलेलं असतं. त्यात पेप्टोन, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि चक्क पित्तातले क्षार. पित्त कशाला? तर आतड्यात राहणाऱ्या जंतूंना पित्ताची सवय असते, बाहेरच्यांना ते सोसत नाही. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी १९०० च्या सुमारास शोधलेली ही चाळणी आजही तशीच चालते.

प्रत्येक नळीत आणखी एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. ती डरहॅम यांची, १८९८ सालची. पाच नळ्यांत १०-१० मिलि पाणी, पुढच्या पाचांत १-१ मिलि, शेवटच्या पाचांत ०.१. सगळ्या आधी ३७ अंशांवर ठेवायच्या (४४ अंशांची परीक्षा पुढची) नि घरी जायचं. सकाळी रॅक उजेडाकडे धरला की निकाल डोळ्यांना दिसतो : दूषित नळीत जांभळा रंग पिवळा पडलेला, पाणी गढूळ, आणि उलट्या नळीच्या टोकाशी एक बुडबुडा. लॅक्टोज खाऊन जंतूंनी सोडलेला वायू. एखाद्या पंधरवड्याच्या पावसानंतर आलेल्या विहिरीच्या पाण्यात पंधराच्या पंधरा बुडबुडे वर चढून बसलेले असतात.

बुडबुडे मोजायचे, आणि तक्त्यात बघायचं. १०० मिलि पाण्यात जंतू किती असण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे, ते तक्ता सांगतो. एकही जंतू प्रत्यक्ष मोजलेला नसतो. हे गणित मॅक्रेडी यांनी १९१५ मध्ये बसवलं. पंधराही नळ्या फुगल्या तर तक्ता संपतो, रिपोर्टमध्ये अमुक आकड्यापेक्षा ‘जास्त’ एवढंच लिहायचं. भारतीय मानक मात्र फार कडक आहे. पिण्याच्या १०० मिलि पाण्यात ई-कोलाय सापडताच कामा नये. एक सुद्धा.

आणि हा ई-कोलाय तसा बापडा निरुपद्रवी. काही वाण वात्रट आहेत, पण बहुतेक तुमच्या-माझ्या पोटात या क्षणीही सुखाने नांदतात. १८८५ मध्ये थिओडोर एशरिश यांनी तो तान्ह्या बाळांच्या शौचात शोधला. मग त्याच्या मागे का लागायचं? कारण पटकी किंवा टायफॉइडचा जंतू पाण्यात थोडा असतो, कधी असतो कधी नसतो. ई-कोलाय मात्र शौच आलं की हजर. तो गुन्हेगार नाही, घटनास्थळावरचा साक्षीदार आहे. सोय म्हणजे तो वाढतोही भराभर. पोषक वातावरणात दर २० मिनिटांनी एकाचे दोन. रात्री एक टाकला तर आठ तासांत कागदावर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६.

जिलेटिनचा रस्सा

जंतूंची वसाहत वाढवायला घट्ट पृष्ठभाग लागतो. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला जिलेटिन वापरत. त्याची खोड अशी, की ते उकाड्यात वितळतं. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तर हमखास. बर्लिनमध्ये उकाड्याची अडचण उन्हाळ्यापुरती होती. खान्देशात फेब्रुवारी संपला की जिलेटिनचा रस्साच झाला असता.

उपाय सुचला तो फॅनी हेसे यांना, १८८१-८२ च्या सुमारास. नवरा वॉल्टर हा कॉख यांच्याकडे काम करायचा, फॅनी त्याच्यासाठी चित्रं काढायच्या, खाद्य शिजवायच्या. घरची जेली उन्हाळ्यातही कशी टिकते, असं नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात अगर आहे. समुद्री शेवाळातला हा पदार्थ त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळला होता. अगर वितळायला साधारण ८५ अंश लागतात आणि थिजायला ४० च्या खाली यावं लागतं. कॉख यांनी १८८२ च्या क्षयजंतूवरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. ज्युलियस पेट्री यांनी १८८७ मध्ये झाकणाची काचेची बशी केली आणि त्यांचं नाव जगभर झालं. बशीला नाव मिळालं, बशीतल्या पदार्थाला नाही.

केळीचा चुलतभाऊ

हाच अगर सावद्याच्या मळ्यांमध्येही येऊन गेलेला आहे. ‘जी नाइन’ म्हणजे ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपं आपल्याकडे घरोघर माहीत आहेत, जळगावात जैन इरिगेशनने ती मोठ्या प्रमाणावर केली. ते रोप मातीत येण्याआधी बाटलीत, बहुतेकदा अगरच्याच थरावर वाढलेलं असतं. दोन्हीकडची आयुधं सारखी : तीच लॅमिनार फ्लोची खोकी, तेच स्पिरिटचे दिवे, तोच ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्येही शिट्टीच्या वेळी साधारण तेवढाच दाब असतो, त्यामुळे ऑटोक्लेव्ह म्हणजे शिट्ट्या न मोजता घड्याळ बघून चालवलेला कुकर.

केळीच्या प्रयोगशाळेत बाटलीत पांढरा तंतू दिसला की ती बाटली बाद. पाण्याच्या प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही तर नमुना पास. दोन्हीकडे चांगला दिवस तोच, ज्या दिवशी जंतू उगवत नाहीत.

केळीच्या बागेत शिरणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस आणि माणसाचे विषाणू यांच्यात नातं नाही, पण तपासायची तंत्रं तीच, एलायझा आणि पीसीआर. रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘सीएमव्ही’ हे नाव सहज येतं. डॉक्टरांसमोर तो शब्द काढलात तर ते भलत्याच विषाणूचा विचार करतील, कारण माणसांत याच आद्याक्षरांचा वेगळा विषाणू आहे. सल्ला घेताना केळीचं की पोराचं, ते आधी सांगावं.

तुपात वाढवलेली लस

महाराष्ट्रातल्या जंतुशास्त्राची सगळ्यात चमचमीत गोष्ट प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला तापाचे रोगी मरू लागले, तेव्हा हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे, त्याच्याकडे मेट्रो सिनेमाच्या गर्दीतलं कोणी वर मान करून बघत नाही.

ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार. प्लेगचा जंतू मटणाच्या अर्कात वाढवायचा. पण गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर लस कोण टोचून घेणार? म्हणून बोकडाचं वापरलं. आणि अर्कावर तरंगायला सोडले तुपाचे थेंब. होय, तूपच. प्लेगचे जंतू त्या थेंबांना चिकटून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. फ्लास्क हलवला की सुळके तळाशी, वर पुन्हा नवे. मग सगळ्यांना उष्णता देऊन मारायचं, कार्बोलिक घालायचं, झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी पहिला डोस स्वतःला टोचला. तोही १० मिलि, म्हणजे पुढे लोकांना दिला त्याहून बराच मोठा. ताप आला, उतरला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांची पाळी. १० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. गव्हर्नर जिथे मेजवान्या झोडत, तिथे प्लेगच्या फ्लास्कांची रांग लागली. १९२५ मध्ये तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं.

प्लेगने खान्देशालाही सोडलं नाही. गावं ओस टाकून लोक शेतात नि माळावर झोपड्या घालून राहत. असोद्याची लेक, जळगावची सून बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचा अपंग झाला.

मरीमाय आणि समुद्राचं मीठ

जळगाव जिल्ह्यात गावोगावी मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. एकामागे एक जुंपलेल्या गाड्या, बैल नाहीत, गाड्यांवर माणसंच माणसं, आणि पुढे भगत. या देवीच्या भीतीमागे पटकी होती. घरातली चार माणसं संध्याकाळपर्यंत जायची, आणि कारण पाण्यात आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्याला आले आणि लोक जिथे अंघोळ करत, कपडे धूत नि पाणीही पीत, अशा एका तलावात त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू सापडला. पण माणूस नेमका मरतो कशाने, हे १९५९ मध्ये कोलकात्याच्याच शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं : जंतू नव्हे, त्याचं विष अंगातलं पाणी आतड्यात उपसून काढतं. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने त्यांची शिफारस केली होती. नोबेल आलं नाही. प्रयोगशाळेत बसून काढलेल्या हयातीचं हे असंच असतं.

खेड्यातून जुलाबाचा नमुना आणताना पटकीचा जंतू वाटेत मरू नये, यासाठी भारतातच व्यंकटरामन आणि रामकृष्णन यांनी १९४१ मध्ये एक द्राव केला. त्यातली मुख्य वस्तू काय? समुद्राचं कच्चं मीठ. पटकीचा जंतू खारट नि अल्कधर्मी पाण्यात खूश असतो, बाकीचे कंटाळतात. सूक्ष्मदर्शकाखाली लटकत्या थेंबात त्याला बघणं हा या नोकरीतला एक खास क्षण. तो पोहत नाही, सुसाट सुटतो. नजर एकावर ठेवावी तर तो केव्हाच चौकटीबाहेर.

सहा पांढरे कप, एक काळा

ग्रामपंचायतीत टीसीएलची पिशवी सुतळीने बांधलेली, किंवा न बांधलेली, कोपऱ्यात उभी असते. ताज्या पावडरीत वापरता येईल असा क्लोरिन साधारण ३३ टक्के असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडून जातो. खान्देशी उन्हाळ्यात पत्र्याखाली उघडी राहिलेली पावडर काही दिवसांनी नुसता चुना उरते. ती टाकीत घालणाऱ्याचं काम झालेलं असतं, पाण्याचं नाही. म्हणून पावडरही प्रयोगशाळेत तपासायला जाते.

विहिरीत किती टाकायची हे काढायला एक पेटी असते, हॉरॉक्स यांची. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मिळेल ते पाणी पिण्याजोगं करायला विल्यम हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरांनी ती बनवली. सहा पांढरे कप, एक काळा, स्टार्चचा द्राव. कपांतल्या पाण्यात पावडरीचा डोस चढता ठेवायचा आणि पहिल्यांदा निळा रंग कुठल्या कपात येतो ते बघायचं. युद्ध संपलं, साम्राज्य बुडालं, कप चालू आहेत.

मग रोजची ‘ओटी’. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरिन आहे. वारीच्या वाटेवर, यात्रेत, पुरानंतर आरोग्य कर्मचाऱ्याच्या खिशात ती बाटली असतेच. मिठाची गोष्ट तर आणखी साधी : घरात पोचलेल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. ते बघणं जंतूवाल्यांच्या शेजारच्या टेबलाचं, रसायनवाल्यांचं काम.

काळी बाटली, लाल कार्ड

जळगावला न जाताही पाणी तपासता येतं. छोट्या बाटलीत पाणी भरा, उबेत ठेवा, एक-दोन दिवसांत ते काळंकुट्ट झालं तर पाणी दूषित. ही एचटूएसची चाचणी भारतीय शास्त्रज्ञांची, १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. आतड्यातले काही जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि बाटलीतल्या लोहाशी त्याची गाठ पडली की काळं. सरपंचांना ‘एमपीएन’ समजावण्यात तास जातो. काळी बाटली टेबलावर ठेवली की प्रश्न येत नाहीत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किट वापरायला शिकवायची कल्पना आली ती यामुळेच शहाणपणाची वाटते. पाणी भरणारीच्या हातात तपासणी आली.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी नि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं नि साथ नाही, तर चंदेरी.

वरण-बट्टीला क्लीन चिट

लग्नात विषबाधा झाली की पहिला संशय वांग्याच्या भाजीवर. तो बऱ्याचदा अन्यायाचा. चुलीवरून उतरलेलं गरम वरण, तळलेली बट्टी, घोटलेली वांगी यांत जंतूंना सवड मिळत नाही. सवड मिळते ती सकाळी करून दुपारपर्यंत मांडवात ठेवलेल्या बासुंदीत किंवा श्रीखंडात. वाढप्याच्या बोटावरच्या पिकलेल्या पुळीतून स्टॅफिलोकोकस त्यात उतरतो, उकाड्यात वाढतो आणि विष सोडतो. बासुंदी पुन्हा उकळली तर जंतू मरतील, विष मात्र उकळूनही तसंच राहतं.

घड्याळही बोलतं. जेवण झाल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा हाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब नि ताप, तर दुसरा कोणीतरी. म्हणून तपासणीला येणारी माणसं आधी वेळ विचारतात, मेनू मागाहून. आणि भांडी घाईघाईने घासून ठेवणारा केटरर त्यांना अजिबात आवडत नाही.

अंड्यावर पोसलेला क्षय

ई-कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळजवळ दिवस लागतो. त्याला वाढवायचं खाद्य कोंबडीच्या अंड्यांचं, त्यात हिरवा मॅलकाइट रंग. त्यावर सहा-आठ आठवडे वाट बघायची. तोवर रोगी कुठे गेला, काय करतोय, देवाला ठाऊक. आता ट्रूनॅटचं बॅटरीवर चालणारं यंत्र तासाभरात जवाब देतं. ते आलं गोव्याच्या मोलबायो कंपनीतून, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. वीज गेली तरी चालतं, हे वाचून खान्देशातल्या माणसाचा आदर दुप्पट होतो.

घाईची आणखी एक गोष्ट पुण्याची. कोविडच्या भारतीय तपासणी किटवर काम करणाऱ्या मायलॅबच्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी ते सहा आठवड्यांत तयार केलं, १८ मार्च २०२० ला तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला (एनआयव्ही) सोपवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली.

वास घेऊ नये

जुने लोक प्लेट उघडून नुसत्या वासावर जंतू सांगत. स्यूडोमोनास असेल तर पिकल्या द्राक्षांचा गोडसर वास येतो. आता सुरक्षेच्या नियमात हे बसत नाही, तरी झाकण उचलताच जे नाकात शिरतं त्याला नियम काय करणार. पहिल्या पावसाचा मातीचा गंधही जंतूंचाच : स्ट्रेप्टोमायसिस मातीत जिओस्मिन नावाचं रसायन सोडतात. माणसाचं नाक ते लाख कोटी भागांत पाच भाग असलं तरी ओळखतं.

गटार, नारू आणि एक गाव

मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात. मूल आजारी पडायच्या आधी गटार सांगतं. भारतातला नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, गटार अजून तपासतात.

नारूची तर कमालच. जवळजवळ मीटरभर लांब कृमी पायातून बाहेर यायचा आणि काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक किड्यातून तो पोटात जातो, एवढं कळलं होतं. मग पाणी कापडातून गाळा, पायविहिरी बंद करा, विहिरीत औषध टाका. महाराष्ट्र नारूच्या राज्यांतला एक होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ चा, फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त. एका रोगाचा गाशा धोतराच्या फडक्याने गुंडाळला.

आणि चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या या गावात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू मिळाला. गावाचं नाव विषाणूला लागलं ते लागलंच. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा ते जगभरच्या छापखान्यांत पोचलं. भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीमुळे तो पसरतो, यात गावाचा काय दोष? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, नव्या आजारांना गावांची नावं देऊ नका. त्यामुळे सावद्याच्या नावाचा एखादा आजार व्हायची शक्यता आता जवळजवळ नाही, आणि याबद्दल नगरपालिकेने ठराव करायलाही हरकत नाही.